आडवी उंची

"चपला काढा आणि झोपा इथे," मॅडम म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि झोपले.

साताऱ्यातला एक हॉल. खाली सतरंजी, वर कुरकुरणारा पंखा. भोवती खुर्च्यांवर बायाच बाया. सगळ्या माझ्यासारख्या अंगणवाडी सेविका, कुणी पाटणकडच्या, कुणी मेढ्याकडच्या. मी जमिनीवर, त्या खुर्च्यांवर. खालून बघितलं की माणसाच्या हनुवट्या आणि नाकपुड्या तेवढ्या दिसतात. हसणाऱ्या नाकपुड्या. मॅडमनी पिवळी पट्टी काढली, शिंप्याकडं असते तसली मऊ. एक टोक एका बाईला माझ्या टाचेशी धरायला लावलं. दुसरं स्वतः माझ्या टाळूला लावलं. दोन बोटांनी. माझ्या डोक्याचं तेल लागेल म्हणून.

"आता या झोपल्या आहेत. मग ही काय झाली?"

"लेंथ!" सगळा हॉल ओरडला.

"उठा हो ताई, उभ्या राहा. आता ही काय झाली?"

"हाइट!"

"कळलं का आता?"

"कळलं मॅडम."

"मग थँक यू म्हणा."

"थँक्यू मॅडम," मी म्हणाले.

म्हणाले! वर हसलेसुद्धा. सगळ्यांबरोबर, दात काढून. आज ती बया मला समोर दिसली तर कानाखाली एक देईन आणि विचारीन, कशाचं गं थँक्यू? पण ती बया म्हणजे मीच. दुपारी जेवणात मसालेभात होता, तो तिनं दोनदा वाढून घेतला. जिलेबी पदरात बांधून घरी नेली. अपमान पचवायला कोठा मोठा लागतो, तो देवानं तिला दिला होता.

माझं चुकलं काय होतं, ते सांगते.

मॅडम शहरातल्या. कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी, तोंडात साखर. त्यांचं म्हणणं, बायांना इंग्रजी मापं येत नाहीत म्हणून कामात घोळ होतो. "मराठीत तुम्ही सगळं एकत्र कालवता," असं म्हणून त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले. लेंथ, हाइट, विड्थ, डेप्थ. आणि आम्हाला पोरांसारखं म्हणायला लावलं. टेबलाला? हाइट! रस्त्याला? लेंथ! पाटाच्या पाण्याला? विड्थ! विहिरीला? डेप्थ! मी सगळ्यात जोरात ओरडत होते. पहिल्या रांगेत बसून. हौस ना.

मग त्यांनी विचारलं, "चार महिन्यांच्या बाळाला?"

हॉल म्हणाला, लेंथ. मी म्हणाले, "हाइट. आडवी हाइट."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "आडवी हाइट? वा! मग उभी झोप पण घेत असाल!"

हॉल फुटला हसून. आणि मग ते, चपला काढा आणि झोपा इथे.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? बाईला उत्तर येत नव्हतं, मॅडमनी करून दाखवलं. मला उत्तर येत होतं. दोन वर्षांखालचं लेकरू फळीवर झोपवून मापतात, त्याला लेंथ म्हणतात, हे माझ्या कामाच्या कागदावरच छापलेलं होतं. पण मी गेली कित्येक वर्षं तो शब्द तोंडात येऊ दिला नव्हता. त्याला कारण होतं.

माझं माहेर आटपाडीकडचं, सासर मेढ्याच्या वरच्या अंगाला. माळ काय आणि डोंगर काय, याबाबतीत दोन्हीकडं एकच रीत. लांबी दोराची. लांबी सापाची. लांबी बांधाची. माणसाला असते ती उंची. माणसाची लांबी एकदाच घेतात, आणि तेव्हा ती त्याला कळत नाही. बांबूचा कळक तोडायच्या आधी शेजारपाजारचं कुणीतरी सुतळी घेऊन येतं. टाळूपासून टाचेपर्यंत ताणतं. गाठ मारतं. त्या गाठीच्या मापानं तिरडी बांधतात. ती सुतळी पुन्हा घरात येत नाही, माणसाबरोबरच जाते.

आणि आमच्या अंगणवाडीत आली बाळं मापायची फळी. डोक्याला एक पाटी, पायाला सरकती दुसरी. मी आपली उत्साहानं पहिल्याच दिवशी हाळी दिली, "चला गं, बाळांची लांबी घ्यायची!"

बायजाआज्जी म्हणून गावातली एक खमकी म्हातारी होती. सुनेच्या मांडीवरचा नातू तिनं हिसकून घेतला. "माझ्या नातवाची लांबी घेतीस व्हय गं भवाने? जाता जाता कळक बी तोडून आन की!"

त्या आठवड्यात एकही बाळ आलं नाही. पुढच्यातही नाही. मी घरोघर फिरले. बाया दार लोटून घ्यायच्या. आणि माप तर घ्यायलाच हवं होतं. पोराची वाढ खुंटली तर आईला कळायच्या आधी ते त्या फळीला कळतं. वजन चार दिवसांच्या हगवणीनं खाली जातं, वर येतं. उंची थांबली तर पोर कित्येक महिने उपाशी आहे असं समजायचं.

मग मी शक्कल काढली. माझ्या थोरल्याची मुलगी तेव्हा तान्ही होती. तिला देवळासमोरच्या पारावर नेली, फळी मांडली, आणि सगळ्या गावासमोर तिला त्यावर झोपवली. म्हणाले, "ही उंचीच हाय बायांनो. पोरगं उबं ऱ्हाईना तवर आडवी उंची. उबं ऱ्हायलं की उबी उंची. बगा माजी नात. काय झालं काय तिला?"

नात फळीवर मुतली. बाया हसल्या.

बायजाआज्जीनं फळी हातानं चाचपून बघितली. मग म्हणाली, "उंची म्हंतीस तर घे. पन लांबी म्हनलीस तर तुजीच घीन."

त्या दिवसापासून आमच्याकडं आडवी उंची. नव्या सुना दहावी-बारावी शिकलेल्या, त्यांना लेंथ म्हणजे काय ते चांगलं ठाऊक, म्हणून इंग्रजीतसुद्धा मी हाइटच म्हणायची. एकही लेकरू मापातून सुटत नव्हतं. तेच मी हॉलमध्ये बोलले. मॅडमनी विचारलं असतं, की असं का म्हणता, तर सांगितलं असतं. विचारलं नाही. झोपवलं.

आणि एक गोष्ट उरली. साताऱ्याला गेले तेव्हा आमच्या ह्यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. मिल्ट्रीतून आलेला गडी, दारातून वाकून आत यायचा. सोप्यावर ठेवलं होतं त्यांना. शेजारचे आबा सुतळी घेऊन आले. माझ्याकडं न बघता त्यांनी ती ताणली. सुतळी कमी पडली. आबा हळूच म्हणाले, "लांब हाय गडी," आणि दुसरी सुतळी जोडली. तो आवाज माझ्या कानात बसलेला. गाठ आवळल्याचा.

मी सतरंजीवर पडले तेव्हा तीच गाठ ऐकू आली. वर पंखा. टाळूला दोन बोटं. सगळा हॉल एका सुरात, लेंथ.

आणि मी थँक्यू म्हणाले.

एवढं मात्र त्या येडीनं केलं. जेवायच्या सुट्टीत पट्टी सतरंजीवरच पडली होती, ती उचलून पिशवीत घातली. चोरी म्हणा. माझं आडवं माप घेतलेली पट्टी दुसऱ्याच्या हाती ठेवायची नाही, एवढंच हाताला कळलं. गावात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारी बाई मी! पण हात ऐकेना. मॅडमनी दुपारी पट्टी शोधली. "कुणी पाहिली का हो?" मी मान हलवली. नाही म्हणून. पहिल्या रांगेत बसून.

घरी आल्यावर पट्टी खिळ्याला टांगली. जाळायची होती, जाळली नाही. मग ती कामाला लागली. तिनं पोरींच्या परकरांची मापं घेतली, खिडकीच्या पडद्याची घेतली, म्हशीच्या दाव्याची घेतली. दर वेळी काम झालं की परत त्याच खिळ्याला.

वर्षं गेली. माझे केस पिकले, गुडघे बोलायला लागले. काम सुटलं. माझी लेक सविता आटपाडीकडं दिलेली, ती आता तिकडं सेविका झाली. तिची पण तिथल्या बायांशी तीच झुंज आणि तीच तोड. आडवी उंची. आईकडून दागिने मिळाले नाहीत, हे मिळालं.

अलीकडंच तिला सांगलीला ट्रेनिंगचा कागद आला. तिचं पोर अंगावरचं. म्हणाली, "आई, चल की संगं. पोराला संबाळ." मी निघाले. सांगलीत कापड चांगलं मिळतं, नातवाला अंगडं शिवावं, म्हणून पट्टी पिशवीत टाकली. खरंच तेवढ्यासाठीच. माझ्यावर विश्वास ठेवा, नका ठेवू.

हॉलच्या मागच्या दाराशी चहाच्या टेबलाजवळ मला खुर्ची मिळाली. नातू मांडीवर पेंगत होता. माझंही डोकं डुलत होतं. आणि माइकवरून आवाज आला.

"टेबलाला?"

"हाइट!"

"विहिरीला?"

"डेप्थ!"

झोप उडाली. मान वर केली. केस काळे केलेले, चष्म्याची साखळी सोन्याची झालेली. पण तोंडातली साखर तीच. निवृत्त झाल्यावर आता पाहुणी म्हणून शिकवत हिंडतात, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. फळ्याच्या जागी पडदा आला होता. बाकी सगळं तेच. शब्दांचा क्रमसुद्धा.

मॅडमनी हॉलवरून नजर फिरवली. ती नजर मी नीट बघितली, कारण या वेळी मी तिच्या वाटेत नव्हते. पुढच्या दोन रांगांत शहरातल्या बाया होत्या, पर्सवाल्या. नजर त्यांच्यावर थांबली नाही. ती मागं मागं सरकत आली, आणि जाऊन बसली कुणावर, तर चुरगळलेल्या साडीवर, उन्हानं रापलेल्या तोंडावर, एसटीनं पहाटे निघून आलेल्या बाईवर.

"त्या हिरव्या साडीतल्या ताई. चार महिन्यांच्या बाळाला काय म्हणाल?"

हिरव्या साडीतली सविता होती. ती उभी राहिली. म्हटलं, पोरी, नको बोलू ते.

"लेंथ, मॅडम," सविता म्हणाली. स्वच्छ. खणखणीत.

मी सुटले. मला वाटलं, सुटले.

मॅडम म्हणाल्या, "छान! मग या पुढे, दाखवू या सगळ्यांना. चपला काढा आणि झोपा इथे."

तिथं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझा शब्द चुकला म्हणून मला आडवी पाडली. शब्द बरोबर आला असता तर उभीच राहिले असते. छे! शब्दाचा संबंधच नव्हता. हा त्या बाईचा खेळ होता. दर हॉलमध्ये एक बाई लागायची, खाली पडायला. बरोबर बोलली तरी पड, चुकलं तरी पड. इंग्रजी हे नुसतं निमित्त. आणि मी येडी, त्या हॉलमधून आल्यावर रात्र रात्र, लेंथच म्हणाले असते तर, असं घोकत पडले होते!

सविता पुढं गेली. वाकली. चपलेचा बंद सोडायला लागली.

तिच्या वाकण्यात मी मला बघितलं. तेच गपगुमान वाकणं. पाठीचा कणा काय दिसतो हो मागून, ब्लाऊज आणि पदराच्या मधून! मणीन् मणी दिसतो.

नातू शेजारच्या बाईच्या मांडीत दिला आणि उठले. गुडघे कडकडले. दोन रांगांना ऐकू गेलं असेल.

"सविता! चपला घाल."

सगळ्यांनी मागं बघितलं. मी मधल्या वाटेनं चालत गेले. सविता हळूच म्हणाली, "आई, बस की गं."

"आजी, तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"हिची आई. आन् तुमची जुनी विद्यार्थीन. साताऱ्यात तुमी मला आडवी पाडली हुती."

"मला नाही बाई आठवत."

"तुमाला कसं आठवंल? तुमी उब्या हुता."

मी पिशवीत हात घातला आणि पट्टी काढली. पिवळी होती, मळून मातीच्या रंगाची झाली होती.

"ही तुमचीच. तवा चोरून नेली हुती. आज आनलीया. झोपा."

"काय?"

"चपला काढा आन् झोपा हितं. लेंथ घेते तुमची."

"अहो आजी, हा ट्रेनिंगचा भाग असतो. ॲक्टिव्हिटी म्हणतात याला."

"मग करा की. लय सोपी हाय. मला जमली, तुमाला न्हाई जमायची?"

त्या हसल्या. माइकमध्ये हसल्या, म्हणजे हॉलला हसायची खूण केली. हॉल हसला नाही. साताऱ्याचा हॉल हसला होता, त्यात खुर्चीवर असते तर मी पण हसले असते. पण सांगलीत कुणी हसलं नाही. मग मधल्या रांगेतून, अगदी साधेपणानं, कुणीतरी म्हणालं, "झोपा की वो मॅडम. सतरंजी झाडलीया सकाळी."

दुसरी म्हणाली, "डोक्याखाली घ्या माजी पिशवी."

"मला बीपी आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग तर झोपाच," तिसरी म्हणाली. "बरं वाटतंय झोपल्यावर."

आता हॉल हसला. पण नाकपुड्या वळल्या होत्या दुसरीकडं.

मॅडमच्या मानेवर घाम आला होता. पावडरीतून ओघळ उतरत होता. मी तो शेवटपर्यंत बघितला. पाप लागत असेल तर लागू दे, मला गोड वाटलं. साताऱ्याच्या जिलेबीपेक्षा गोड. मी मागं सरकले नाही. आम्ही दोघी इतक्या जवळ उभ्या होतो की पट्टी सोडली असती तर दोघींच्या पायावर पडली असती. आणि तेव्हा मला दिसलं, बाईचं टाळकं माझ्या नाकाशी होतं. एवढीशी बाई! साताऱ्यात मला ती ताडासारखी वाटली होती. जमिनीवर पडून बघितलं की कुणीही ताड वाटतो.

"चहाची सुट्टी," असं म्हणून त्यांनी माइक ठेवला. आणि चालत्या झाल्या. सतरंजीला वळसा घालून. त्यावर पाय देववला नाही त्यांना.

चहाच्या टेबलाशी त्या माझ्याकडं आल्या. आसपास कुणी नाही बघून. "आजी, मनात ठेवू नका हं. माझा तसा हेतू नव्हता."

पूर्वीची मी म्हणाली असती, छे छे मॅडम, असं काय! वर त्यांच्या कपात साखर घालून दिली असती.

मी म्हणाले, "ठेवनार. हॉलभर बायांदेखत मला पाडली, आन् माफी कोपऱ्यात मागता व्हय? माइकवर मागा."

त्यांनी कप ठेवला आणि गेल्या. माइकवर काही आल्या नाहीत. दुपारी दुसऱ्याच कुणी शिकवलं.

परतीच्या एसटीत सविता विट्यापर्यंत माझ्याकडं पाठ करून होती. पोराला पाजत खिडकीबाहेर बघत बसली. मग एकदम फुटली. "तुला काय हुतंय गं आई? तू सुटलीस कामातनं. उद्या मला नोटीस आली तर? सासूबाई काय म्हनतील?"

"यिऊ दे नोटीस. दोगी मिळून जाऊ."

"आन् मी झोपले असते एवडा येळ, तर काय मेले असते काय?"

"न्हाई. मी बी मेले न्हाई. थँक्यू म्हनून आले."

तिनं पोराचं टोपडं सारखं केलं. घाटाच्या वळणावर पोर झोपलं. मग म्हणाली, "आई, ती पट्टी मला दे."

"न्हाई."

"का?"

"ही माजी हाय. तुजी तू मिळीव."

तिनं रागानं बघितलं माझ्याकडं. बघू दे. तो राग तिला लागणार आहे. तिच्या पुढच्या हॉलमध्ये मी नसेन मांडीवर पोर घेऊन मागं बसलेली. उठायचं ते तिलाच, आपल्या गुडघ्यांवर.

नोटीस अजून आलेली नाही. आली तर बघून घेईन. ती बाई अजून शिकवत हिंडते, असं कानावर आहे. परवा कऱ्हाडला होती म्हणे. पुढचं कुठं आहे, ते सविताच्या ओळखीच्या बाया मला कळवणार आहेत. मला एसटीत सवलत आहे आणि दिवसभर काम नाही. जिथं ती सतरंजी अंथरेल, तिथं मी मागच्या दाराशी बसलेली असेन. चहा घेत. काही बोलणार नाही. तिनं म्हटलं, की चपला काढा, तेव्हा तेवढी उठेन. एकदा तिला आडवी बघायची आहे मला. सगळ्या बायांदेखत. म्हातारीचा हट्ट म्हणा. सूड म्हणा. मी सूडच म्हणते.

थोरल्या लेकाला मी बजावून ठेवलंय. मी गेल्यावर सुतळी आणायची नाही. खिळ्याची पट्टी काढायची, टाळूपासून टाचेपर्यंत ताणायची, आणि माझ्याबरोबर जाळायची. तेव्हा खुशाल म्हणा लेंथ.

तोवर मला कुणी हात लावून बघा. तोवर मला उंची आहे.